सात नंबरचे शून्य

मित्रांनो, मुठीत मावणारा, आकड्यांच्या चार खिडक्यांचा आणि एका बटणाचा मी एक जुना टिकटिक्या आहे. कागदोपत्री माझे नाव हातमोजणी यंत्र. पण त्या नावाने मला कुणी हाक मारल्याचे आठवत नाही. बटण दाबले की आकडा एकाने पुढे सरकतो आणि बाजूची चावी फिरवली की सगळे शून्य होते. मला एवढेच येते, पण ते मी चोख करतो.

कारखान्यातून मी थेट उपनगरांच्या वाहतूक कचेरीत आलो आणि मोजणीबाईंच्या हाती पडलो. ऊन असो वा धुके, बाई बसथांब्याच्या खांबापाशी उभ्या राहत. माणूस बसमध्ये चढला की माझी एक टिक. वर्षअखेरीस आमचा तक्ता कचेरीच्या सभेपुढे जाई आणि पुढच्या वर्षी कोणत्या मार्गाला पैसे द्यायचे ते त्यावरून ठरे. "टिकटिक्याचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," असे साहेब म्हणत, तेव्हा मी बाईंच्या खिशातल्या खिशात फुगत असे.

एका वर्षी सात नंबरची पाळी आली. ही बस इस्पितळाच्या धुलाईघराला वळसा घालून गावात परते. बाई तिथल्या खांबापाशी तीन संध्याकाळी उभ्या राहिल्या. बस थांबेच ना! आत माणसे दिसत, पण ती मागच्या थांब्यांवरची असतील असे आम्ही धरून चाललो. तक्त्यात शून्य लिहिले गेले आणि धुलाईघराकडचा फेरा बंद होणार असल्याची सूचना बसमध्ये लागली.

दुसऱ्याच दिवशी धुलाईघरात काम करणाऱ्या एक आजी कचेरीत आल्या. चादरी पिळून त्यांची बोटे वाकडी झाली होती.

"ताई, आम्ही एकोणीस जणी रोज त्या बसनं घरी जातो. बस गेली की माझं काम गेलं. हे गुडघे घेऊन तासभर चालणार कोण?"

"आजी, मी तीन दिवस खांबापाशी उभी होते. चिटपाखरू फिरकलं नाही."

"तिथं कशाला कोण फिरकतंय? आमचे ड्रायव्हरकाका वळणाच्या अलीकडे, धुलाईघराच्या दारातच थांबतात. तेवढीच आमची पायपीट वाचते."

मी शरमेने गार पडलो. नियमाबाहेर बस थांबवली म्हणून बोलणी बसतील, या भीतीने काकांनी ब्रसुद्धा काढला नव्हता.

त्या संध्याकाळी बाई मला घेऊन धुलाईघराच्या दाराशी उभ्या राहिल्या. आणि काय सांगू! बाईंना बघताच काका घाबरले, भर्रकन पुढे गेले आणि त्यांनी बस नेमकी खांबापाशी उभी केली. एकोणीस जणी धावल्या. त्यांच्यामागून बटण दाबत बाई धावल्या. आजी सगळ्यांत शेवटी पोहोचल्या आणि म्हणाल्या,

"काय हो काका, नियम पाळायला आजच मुहूर्त सापडला का?"

बसमध्ये हशा पिकला. काकाही ओशाळून हसले. माझ्या खिडक्यांत एकोणीस उमटले होते.

भरल्या सभेत बाई सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या. "ते शून्य माझं आहे," त्या म्हणाल्या. "माणसं होती. मीच चुकीच्या जागी उभी होते." बराच काथ्याकूट झाला, पण फेरा राहिला. काकांना एका पत्रात समज मिळाली आणि त्याच पत्रात आभारही. महिन्याभरात खांब उपटून धुलाईघराच्या दारात रोवला गेला.

पुढे बसच्या दारांतच मोजणारी यंत्रे बसली आणि मी खणात, टाचण्यांच्या शेजारी जाऊन पडलो. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण तक्रार नाही. तुम्हाला एवढेच सांगतो, कुणाच्या नावापुढे शून्य लिहिण्याआधी जरा वळणापलीकडे डोकावून या.

निवृत्त झाल्या त्या दिवशी बाई मला खणातून काढून धुलाईघराच्या थांब्यावर गेल्या. त्यांनी चावी फिरवून मला कोरे केले. सात नंबर आली. आयुष्यभर दुसऱ्यांना मोजणाऱ्या बाई पायरीवर चढल्या आणि त्यांनी एकदाच बटण दाबले.

आता मी त्यांच्या घराच्या खिडकीत असतो. तो एक अजून तसाच आहे. मित्रांनो, कधी आलात तर माझ्यावरची धूळ जरूर पुसा. फक्त बाजूची ती चावी फिरवू नका.