खडा फोडल्यावर

ड्रिलिंगच्या त्या माळावर तिला सगळे खडेबाई म्हणत. विहिरीतून वर येणारे दगडाचे बारीक खडे धुवायचे, जांभळ्या दिव्याखाली धरून तेलाने चमकतात का ते बघायचं आणि खाली तेल आहे की नाही ते सांगायचं, हे तिचं काम. नाव पाडलं होतं तिच्या दादानेच. तो त्याच विहिरीवर ड्रिलर होता आणि धाकट्या बहिणीची टर उडवल्याशिवाय त्याला घास गोड लागत नसे.

हल्ली मात्र त्याची थट्टा आटली होती. खालचा वालुकाश्म इतका घट्ट, की असलेलं तेलही सोडायचं नाव घेईना. म्हणून विहीर आधी सरळ खाली न्यायची आणि मग वळवून त्याच थरात लांबवर आडवी घालायची. अशा दोन विहिरी कोरड्या गेल्या होत्या. ही तिसरीही गेली तर कंपनी गाशा गुंडाळणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. दादाची नोकरी गेली की वहिनीचं कंपनीच्या दवाखान्यातलं डायलिसिस बंद. आणि या वयात त्याला दुसरीकडे कोण दारात उभं करणार होतं?

त्या सकाळी खडे जांभळ्या दिव्याखाली लख्ख चमकले. वरची चमक बाहेरून लागलेलीही असू शकते, म्हणून खडा फोडून आत बघायचा, हा तिच्या धंद्यातला पहिला धडा. आनंदाच्या भरात ती तोच विसरली आणि कंपनीच्या साहेबांना फोन करून मोकळी झाली.

चहा पिऊन आल्यावर तिने सवयीने एक खडा फोडला. वरची साल चमकत होती, आत काळोख. दुसरा फोडला, तिसरा फोडला, तेच. मग तिने खडा नाकाशी नेला. डिझेलचा वास. ती तडक दादाकडे गेली.

"दादा, विहिरीत फिरवायच्या चिखलात डिझेल कोणी घातलं?"

"मी. पाईप आडव्या भोकात पोट टेकून बसला होता, हलेना. डिझेल सोडलं तेव्हा कुठे सुटला."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"पुन्हा अडकवला म्हणून बोलणी कोण खाणार? सुटला, विषय संपला म्हटलं."

"अरे, तेच डिझेल चमकलं. मी तेल सांगून बसले."

दादाने फडक्याला हात पुसले. "मग राहू दे की," तो हळूच म्हणाला. "पाण्याच्या दाबाने थर फोडून बघेपर्यंत काही महिने निघतील. तुझ्या वहिनीचं तरी..."

तिला त्याचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. ज्या वहिनीने लहानपणी तिच्या वेण्या घातल्या, तिचाच जीव तराजूत होता. पण धडधडीत खोट्यावर विहीर पुढे रेटणं तिच्या हातून होईना. तिने साहेबांना फोन केला आणि डिझेल कोणी घातलं तेही सांगितलं. त्यांनी विचारलं, सांगावं लागलं. साहेबांनी विहीर सिमेंट घालून बंद करायला सांगितली.

खालचे खडे वर पोचायला काही तास लागतात; शेवटचे आले ते विहिरीच्या पार टोकाचे. आता त्यांना कोण विचारतो? तरी तिने एक फोडला. आतून सोनेरी उजेड आला. पाच-सहा आणखी फोडले. सगळे आतपर्यंत भरलेले. तिने लगेच फोन लावला.

"सकाळी तेल, दुपारी डिझेल, आता पुन्हा तेल," साहेब म्हणाले. "डिझेल घालणारा तुमचा सख्खा भाऊ ना? पुरे करा, बाई."

सख्खा भाऊ होता खरा. दुसऱ्या कोणी ड्रिलरने घातलं असतं, तर कदाचित तिचं ऐकलं असतं.

बाहेर सिमेंटचा पंप धडधडत होता. तो बंद झाला आणि दादा तिच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. हात कोपरापर्यंत सिमेंटने राखाडी झाले होते.

"खडेबाई, तुझ्यावर राग नाही माझा," तो म्हणाला. "चूक माझीच. फक्त एवढं सांग, खाली काही नव्हतंच ना? नव्हतंच, तर निदान झोप लागेल."

तिने दिवा बंद केला आणि खड्यांच्या ताटलीवर फडकं टाकलं.

"काही नव्हतं, दादा."

"नीट फोडून बघितलंस?"

"बघितलं," ती म्हणाली.