विनंतीला भत्ता नाही

बायकोनं त्याच्या डाव्या हातात पेन खुपसलं आणि वरून मूठ आवळून धरली. भांडारपालानं दातांवर दात दाबून भत्त्याच्या फॉर्मवर सही केली. उजवा हात दंडापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये होता.

आस्थापनेच्या कारकुनानं ती सही जुन्या सहीशेजारी धरली.

“जुळत नाही.”

“हात मोडलाय,” बायको म्हणाली.

“दिसतंय हो वहिनी. पण जुळली तरी उपयोग नाही. ही विनंती बदली. विनंतीला सामान हलवायचा भत्ता नाही. प्रशासकीय बदलीला आहे.”

“विनंती कसली? ड्रायव्हरनं मारलं म्हणून चाललोय मी,” भांडारपाल म्हणाला.

कारकुनानं फाइल फिरवली. “‘कृपया माझी बदली करावी.’ हे काय फर्मान आहे?”

अर्ज बायकोनंच लिहिला होता, दवाखान्यातल्या स्टुलावर बसून.

ड्रायव्हरची डिझेलचोरी भांडारपालानं कागदावर आणली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी भर दुपारी ड्रायव्हरनं त्याला आवारात लोळवलं. चाक खोलायच्या लोखंडी टॉमीनं कोपरावर घाव घातला. हाड कातडी फाडून बाहेर आलं तेव्हा तो थांबला, घाम पुसला, आणि मग बोटं एकेक करून ठेचली. “लिही आता,” म्हणाला. चौदा कर्मचारी बघत होते. पोलिसांत जाऊ नका, ऑफिस म्हणजे घरच, घरचं भांडण आहे, असं साहेब म्हणाले. टॉमीला चौकशीची चिठ्ठी बांधून ती भांडारात जमा केली. म्हणजे भांडारपालाच्याच ताब्यात.

“आणि त्या ड्रायव्हरचं काय?” बायकोनं विचारलं.

कारकुनानं दुसरी फाइल उघडली. “ड्रायव्हर. बदली प्रशासकीय, कारण मारहाण. पात्र. अख्खा ट्रक, शिवाय बायकापोरांचं भाडं. परवा जातोय.”

“म्हणजे हात तोडणाऱ्याला सरकार ट्रक देतं.”

“तोडला म्हणून नाही हो. त्यानं अर्ज केला नाही म्हणून.” कारकून हसला. “इथं जखम कोण वाचतो? अक्षर वाचतात. आणि वहिनींचं अक्षर तर मोत्यासारखं.”

बायको हसली नाही. भांडारपाल प्लास्टरमधून डोकावणाऱ्या काळ्यानिळ्या नखांकडे बघत होता.

“अर्ज मागे घेतला तर?” त्यानं विचारलं.

“तर राहा इथंच. साहेबांच्या मनात आलं, तर होईल प्रशासकीय.”

“साहेबांच्या मनात कशानं येतं?”

कारकुनानं ड्रायव्हरच्या फाइलवर बोट टेकवलं आणि डोळा मारला.

बायकोनं तिथंच कोरा कागद मागून घेतला. अर्ज मागे घेत आहे, एवढंच लिहिलं. ‘कृपया’ लिहिलं नाही.

दोघं आवारातून भांडाराकडे निघाले. वाटेत ड्रायव्हर गाडीखाली उताणा पडून नट आवळत होता. गुडघ्यांपासून खालचे पाय तेवढे बाहेर होते. तो शीळ घालत होता.

भांडारपालानं कुलूप काढलं. तिसऱ्या फळीवरची टॉमी डाव्या हातानं उचलली, तोलून पाहिली. चिठ्ठी लोंबत होती. बावीस वर्षांत त्यानं नोंदीशिवाय एक खिळा बाहेर जाऊ दिला नव्हता. बायकोनं नोंदवही पुढं ओढली. वस्तू लिहिली, नग एक लिहिलं, घेणाऱ्याच्या रकान्यात नवऱ्याचं नाव लिहिलं.

“प्रयोजन?”

“प्रशासकीय.”

तिनं ते लिहिलं. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. मग उठून त्याच्यासाठी दार उघडून धरलं.

बाहेर शीळ अजून चालू होती.