नागाची साक्ष

नाथाजी सातपुत्यांना शिराळ्यात नाग चावला, पाळकांनी प्रार्थना केली, विष उतरलं आणि नाथाजींनी बाप्तिस्मा घेतला. रहिमतपूरजवळच्या वाडीतली ख्रिस्ती मंडळी या नागावरच उभी होती म्हणा ना. नाथाजींची मुलगी हरणाबाई दर वर्धापनदिनाला ही साक्ष द्यायची. मंडळीत कुणाची आध्यात्मिक वाढ होवो न होवो, नागाची मात्र दरवर्षी होत होती. जयराजच्या लहानपणी तो दोन हात होता. आता पुरुषभर झाला होता.

जयराज नाथाजींचा नातू. फौजेत नर्सिंग असिस्टंट. राजस्थानात एका जवानाला साप चावला, तेव्हा लस आणायला गेलेली गाडी येईपर्यंत जयराज त्याचा हात धरून प्रार्थना करत राहिला. घरचाच दाखला होता, शंकेला जागा नव्हती. गाडी आली तेव्हा जवान गेला होता.

सुट्टीवर आल्यावर त्यानं तेव्हाच्या पाळकांना विचारलं. ते म्हणाले, "तुझा विश्वास कमी पडला." उत्तर इतकं तयार होतं, की त्यांना चहाचा कपसुद्धा खाली ठेवावा लागला नाही. जयराज मात्र ते वाक्य पुढं वीस वर्षं उराशी घेऊन हिंडला.

हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर पहिल्याच महिन्यात तो आजोबांची नोंद शोधायला सांगलीला गेला. तिथल्या एका जुन्या चर्चच्या कपाटात शिराळ्याच्या पाळकांची नोंदवही होती. वाळवीनं बरीचशी वाचून संपवली होती, पण नाथाजींचं पान शिल्लक होतं. 'नाथाजी, जात महार, वय पंचवीस. धामण चावली. विष नाही. भीतीने अर्धमेला. पायाची जखम चिघळलेली. गावात कोणी शिवेना. पाळकबाईंनी रोज स्वतःच्या हाताने पाय धुतला. आठव्या दिवशी म्हणाला, मी इथंच राहतो.'

जयराजनं ते पान तीनदा वाचलं. मग बाहेर पायरीवर बसून बराच वेळ रडला.

पानाचा फोटो घेऊन तो वाडीच्या नव्या पाळकसाहेबांकडं गेला. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला, छोटा करून पाहिला.

"सत्य चांगलंच असतं हो, हवालदार. पण वर्धापनदिनाची पत्रिका छापून झाली."

पत्रिकेवर फणा काढलेला रंगीत नाग होता. खाली 'जिवंत चमत्कार'.

"साहेब, धामण हुती ती. बिनविषारी."

"धामणीचा चमत्कार ऐकायला पुण्याचे पाहुणे कशाला येतील?"

"आन् पाय धुतला, ते?"

"ते छान आहे. पण त्यात चमत्कार कुठाय?"

जयराज तिथून थेट आत्याकडं गेला. ब्याऐंशी वर्षांची हरणाबाई अंगणात लसूण सोलत होती. त्यानं पान वाचून दाखवलं. तिनं मान वर केली नाही.

"आत्ती, तुमाला ठावं हुतं?"

"व्हय. आबानंच सांगितलं हुतं."

"मग इतकी वर्सं नाग कशाला सांगितला?"

"आरं लेकरा, पाय धुतला म्हटलं की लोक इचारत्यात, का बरं, दुसरं कुणी का न्हाई धुतला? मग जात सांगावी लागती. नागाला कुणी जात इचारत न्हाई."

वीस वर्षं जयराज नागावर चिडला होता, आत्यावर चिडला होता, देवावर तर लयच. आता त्याला शिराळ्यातल्या त्या परक्या ओसरीवर पाय पुढं करून बसलेला, घाबरलेला तरणा आजा दिसत होता.

"पाळकबाईंचं नाव काय हुतं, आत्ती?"

"रंगुबाई. आबा मरंस्तवर नाव घ्यायचा."

वर्धापनदिन थाटात झाला. पुण्याच्या पाहुण्यांनी नागाचा फोटो काढून घेतला. हरणाबाई गुडघे दुखत्यात म्हणून गेलीच नाही. तिची साक्ष पाळकसाहेबांनी तिच्यापेक्षा झोकात दिली.

जयराज मंडळीच्या देवळात जाणं सोडेल असं सगळ्यांना वाटलं होतं. काहींची तर तशी तयारीही झाली होती. पण पुढच्या रविवारी तो आला, आणि पाळकसाहेबांनी कुणाला मोठ्यानं प्रार्थना करायची आहे का विचारताच उठला. "देवा, रंगुबाईसाठी तुझे आभार मानतो," एवढंच म्हणाला आणि खाली बसला.

ही रंगुबाई कोण, म्हणून माना वळल्या. पाळकसाहेब गाण्याचा नंबर शोधू लागले. बाकीची मंडळी सवयीनं म्हणाली, "आमेन."