प्याला पुसण्याची रीत

आईने चर्चला जाणं सोडलं, तेव्हा तिच्या बसड्रायव्हर मुलाला आधी वाटलं, तिचे गुडघे कुरकुरत असतील. खोदून विचारल्यावर तिने सांगितलं. प्रभुभोजनाच्या विधीत सगळे एकाच प्याल्यातून द्राक्षारसाचा घोट घेतात. प्याला धरायचे गोळीवाले काका. पूर्वी औषधांचं दुकान होतं म्हणून हे नाव. प्रत्येकानंतर ते रुमालाने प्याल्याची कड एकदा पुसत. आईनंतर मात्र दोनदा, तेही जोर लावून.

"तिथं काळ्या कातडीची माणसं आपण दोघंच. रंग लागेल असं वाटलं असेल बिचाऱ्यांना," असं म्हणून ती हसली खरी, पण रविवार आला की तिचं घरात कशातच चित्त लागेना.

ड्रायव्हरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने पास्टरना गाठलं. संध्याकाळी तरुण पास्टर घरी आले आणि अवघडून खुर्चीच्या टोकावर बसले.

"आजी, काकांशी बोललो. ते म्हणतात, मी असं काही केलंच नाही. येत्या रविवारी मी वर्णभेदावर उपदेश करतो. चांगलं खडसावतो सगळ्यांना."

"करा की. काका पहिल्या बाकावर मान डोलावतील. आमेनही त्यांचंच मोठं असेल."

पास्टर ओशाळले. "मग तुम्हीच सांगा, काय करू?"

"म्हणजे तेही आम्हीच सांगायचं?" ड्रायव्हर उसळला.

"थांब रे जरा. पास्टरबाबा, प्याला माझ्या हातात द्या."

पास्टर घुटमळले. "काही लोक उठून जातील, आजी."

"गेले तर गेले. मी गेले तेव्हा कुणाला घोर लागला होता?"

रविवारी उपासनेत पास्टर म्हणाले, "आपल्यातल्या एका आजींना आपणच इथून घालवलं. चूक मंडळीची आहे, आणि आधी माझी. आज प्याला त्या धरतील."

दोघं-तिघं बाकावरून हललेच नाहीत. बाकीचे आले. रांगेत सगळ्यांत शेवटी काका होते. हे पाठ फिरवून गेले, तर आई पुन्हा या दारात पाऊल ठेवणार नाही, हे ड्रायव्हरला पक्कं ठाऊक होतं.

काका प्याल्याकडे बघत उभे राहिले. मग आईच्या हाताकडे. इतका वेळ धरून तो हात थरथरायला लागला होता. काकांनी मान खाली घातली, प्याल्याखाली आपला हात लावला आणि घोट घेतला.

आईने कड पुसली. एकदाच, हलक्या हाताने.

परतताना ड्रायव्हर म्हणाला, "मला वाटलं, काकांनंतर तू चारदा पुसशील."

"मनात आलं होतं. पण मग त्यांच्यात नि माझ्यात फरक काय राहिला असता?" असं म्हणत तिने पिशवीतून घडी केलेला रुमाल काढून दाखवला. "धुवायला आणलाय. रविवारी परत न्यायचाय, लक्षात ठेव."