समासातली ओळ

“ही समासातली ओळ कुणी लिहिली?” न्यायाधीशबाईंनी विचारलं.

मी मागच्या बाकावर बसले होते. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आमचे हे, अठ्ठावीस वर्षं पोलीस चौकीची नोंदवही लिहिणारे हवालदार. चौकीत एका सुताराचा हात मोडला होता. खात्याने आपलीच चौकशी करून चौकीच्या साहेबांना निर्दोष ठरवलं, कारण वहीत होतं, ‘आणताना हात सुजलेला.’ आता सुताराच्या बायकोच्या अर्जावरून खात्याचा तो निर्णय खात्याबाहेरच्या न्यायाधीशबाई तपासत होत्या.

ह्यांची एक खोड आहे. नोंद संपली की उरलेल्या जागेत आडवी रेघ मारायची, म्हणजे मागाहून कुणाला शब्द घुसवता येत नाही. घरी वाणसामानाच्या यादीखालीसुद्धा मारतात. यावरून मी त्यांना जन्मभर चिडवलं आहे.

“अक्षर माझंच आहे,” हे म्हणाले.

“मग समासात का?”

हे खरं बोलले तर खोटी नोंद केल्याची कबुली होणार होती, आणि निवृत्तीला उरलं होतं दीड वर्ष.

“सुतार चालत आला होता, बाईसाहेब. हात धड होता. त्याच हाताने सही केली त्याने. दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, लिही. मी रेघ आधीच मारलेली, म्हणून समासात लिहिलं.”

“तुम्ही नाही म्हणू शकला असता.”

“हो. म्हणायला हवं होतं.”

सुताराच्या बायकोने पदर तोंडाला लावला. साहेबांनी ह्यांच्याकडे असं पाहिलं की मीच मान ताठ केली.

तीन आठवड्यांनी निकाल लागला. खात्याचा निर्णय रद्द, साहेब बडतर्फ. ह्यांची हवालदारकी गेली, पुन्हा शिपाई झाले.

संध्याकाळी ह्यांनी गणवेशाचा शर्ट माझ्यापुढे ठेवला. मी बाहीवरच्या फिती उसवल्या. खालचं कापड न विटलेलं, गडद निघालं. फितींचा आकार लांबूनही ओळखू येत होता.

“वरून कापड लावू का? लोक विचारतील.”

“विचारू देत. सांगेन की.”

एवढा अभिमान मला ह्यांचा कधीच वाटला नव्हता. पण मी तोंडावर बोलले असते तर हे डोक्यावर चढून बसले असते. मी इस्त्री तापवली आणि ती बाही, त्या गडद खुणांसकट, नीट कडक करून दिली.