एक भारीतला की दोन साधे

शिरूर अनंतपाळच्या बाजारात सिद्धलिंगअप्पांचं भांड्यांचं दुकान आहे. पुढं दुकान, मागं घर. गिऱ्हाईक पातेलं घेताना ते बोटाच्या पेरानं वाजवून बघतं, आणि अप्पा पाठमोरे असले तरी नुसत्या आवाजावरून सांगतात, "ठिवा ते, चीर हाय त्याला." त्यांच्या कानांचं गावाला भारी कौतुक. घरात मात्र याच कानांनी जो घोळ घातला, तो कौतुकाचा नाही.

अप्पांना दोन लेकरं. थोरला राजशेखर आणि त्याच्याहून वर्ष-दीड वर्षानं लहान मंजुश्री. राजशेखर म्हणजे बोलायला मोकळा, मागायला त्याहून मोकळा. एखादी गोष्ट हवी असली की तीन दिवस घर डोक्यावर घ्यायचा आणि चौथ्या दिवशी ती गोष्ट घरात यायची. मंजूचं तसं नव्हतं. आठवीत असताना तिच्या चपलेचा अंगठा तुटला, तर पोरीनं सेफ्टी पिन लावून महिना काढला. ते उघडकीला आलं पिन पायात घुसल्यावर. तेव्हा उमादेवी, म्हणजे तिची आई, तिला रागावली होती आणि अप्पा कौतुकानं म्हणाले होते, "लई समजूतदार हाय माझी पोरगी." समजूतदार लेकराचं आपल्याकडं असंच होतं. त्याला शाबासकी मिळते आणि चप्पल दुसऱ्याला.

राजशेखरचा नंबर नांदेडला विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात लागला, कॉम्प्युटरला. मंजू तेव्हा लातूरला बारावीत होती, क्लासच्या मागच्या गल्लीत तीन मैत्रिणींबरोबर खोली करून राहायची. तिलाही इंजिनिअरिंगच करायचं होतं. तिच्या क्लासच्या शेषेराव सरांनी पालकांच्या मीटिंगमध्ये बजावून सांगितलं होतं, "प्रवेशपरीक्षा कॉम्प्युटरवर असते. जमलं तर लेकरांना घरी कॉम्प्युटरवर टेस्ट द्यायला लावा. हाताला वळण पाहिजे." अप्पांनी मान डोलावली होती. ते वाक्य त्यांच्या चांगलं लक्षात होतं, हे इथं मुद्दाम सांगून ठेवायला हवं.

लॅपटॉप घ्यायला रविवारी बाप-लेक लातूरला आले. मंजूच्या क्लासला सुट्टी होती, म्हणून तीही दुकानात आली. दुकानदारानं दोन लॅपटॉप काचेवर मांडले.

"हा बघा अप्पा, रोजच्या कामाचा. अभ्यास, व्हिडिओ, ऑनलाइन टेस्ट, समदं होतंय याच्यावर. हलका हाय, बॅटरी टिकते. आन् हा दुसरा परफॉर्मन्सचा. ग्राफिक्स कार्ड हाय, रॅम डबल हाय, आत दोन पंखे हायत. कितीबी जड काम टाका, पळतंय. किंमत म्हणाल तर ह्या एकात ते दोन येतेत."

शेवटचं वाक्य तो सहज बोलून गेला, पण अप्पांच्या मनात तेच बसलं. एकात दोन. एक पोराला, एक पोरीला. त्यांनी मंजूकडं बघितलं. ती त्या साध्या लॅपटॉपवर एक बोट ठेवून पडद्यावरचा बाण इकडून तिकडं नेत होती, हळूहळू, जपून. बाप बघतोय म्हटल्यावर तिनं हात मागं घेतला.

"दोन साधेच घिऊत की," अप्पा म्हणाले.

राजशेखरचा आवाज चढला. "अप्पा, साधा घिऊन मी काय करू? दुसऱ्या वर्षाला हँग होतंय ते डबडं. मग परत घ्यायचा का? कॉलेजातल्या समद्या पोरांकडं परफॉर्मन्सचाच हाय. मी एकटाच तिथं येड्यावानी बसू का?" एवढ्यावर न थांबता त्यानं विष्णुपुरीच्या कुण्या सीनियरला फोन लावला, स्पीकरवर टाकला, आणि तो सीनियरही तिकडून मोठमोठ्यानं तेच सांगू लागला. दुकानातली माणसं वळून बघायला लागली. अप्पांना घाम फुटला.

"मंजू," ते म्हणाले, "तुला लागतोय का गं?"

मंजूनं भावाकडं बघितलं, मग काचेकडं. "नको अप्पा. माझं फोनवर होतंय. दादाला चांगला घ्या."

"बघा!" राजशेखर म्हणाला.

खरं सांगायचं तर अप्पांना सुटल्यासारखं वाटलं. पोरीनंच नको म्हटल्यावर आपण तरी काय करणार? बोलणाऱ्याची बोरं विकतात, न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत. भारीतला लॅपटॉप खोक्यात गेला, राजशेखरनं तो छातीशी धरला, आणि साधा पुन्हा कपाटात गेला.

अप्पा तसे अन्यायी गृहस्थ नव्हते. पण त्यांच्या अंगात एक जुना नियम मुरलेला होता, आणि तो कुठून आला हे त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

भूकंपाच्या साली अप्पा तेरा वर्षांचे होते. त्यांचं गाव किल्लारीकडचं. आदल्या रात्री गणपती बोळवून ते पोरांबरोबर देवळाच्या ओट्यावरच झोपले होते, म्हणून वाचले. उजाडलं तेव्हा घर म्हणून काही उरलं नव्हतं, दगड-मातीचा ढीग होता. आई-बाप नात्यातल्या मयतीला उदगीरला गेलेले. ढिगाखाली दोघं होती, धाकटा भाऊ शिवलिंग आणि अकरा वर्षांची बहीण गुरम्मा. शिवलिंग आतून जिवाच्या आकांतानं ओरडत होता. गुरम्माचा आवाज नव्हता. चुलते म्हणाले, "आवाज येईल तिकडं खणा." त्या दिवशी गावोगाव हेच चाललं होतं आणि त्यात काही चूकही नव्हती. हात थोडे, ढिगारे फार. दुपारपर्यंत सगळ्यांनी शिवलिंगच्या आवाजावर माती उपसली आणि त्याला पाय मोडलेला पण जिवंत बाहेर काढला. आज तो पुण्यात असतो, सणासुदीला फोन करतो.

गुरम्मा दुसऱ्या दिवशी सापडली, चुलीच्या कोपऱ्यात, बसल्या जागी. तिच्या मुठीत पितळेचा पेला होता. त्याची कड एका बाजूनं पार आत चेपलेली होती आणि शेजारच्या दगडावर पितळेचे पिवळे ओरखडे होते. पोरगी वाजवत होती. तोंडात माती गेल्यामुळं ओरडता येत नव्हतं, म्हणून वाजवत होती. किती वेळ, ते देवाला ठाऊक. शिवलिंगच्या ओरडण्यात ते कुणाला ऐकू आलं नाही. उदगीरहून आलेल्या बापानं तो पेला धोतराच्या सोग्यात लपवला, पण सिद्धलिंगनं बघितला होता.

असं काही डोळ्यांनी बघितल्यावर माणसाला उलट शहाणपण यायला हवं. अप्पांना ते आलं नाही. त्यांनी वाचलेल्या भावाकडं बघितलं आणि नियम बरोबर होता असं स्वतःला समजावलं, कारण तो चूक होता असं मानलं असतं तर त्यांना जगणं अवघड झालं असतं. त्यामुळं जन्मभर जो ओरडेल त्याच्याकडं ते धावत राहिले.

दिवाळीला मंजू घरी आली. आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसायची, हातात आईचा जुना फोन, काचेला आडवी चीर पडलेला. दुकानात गिऱ्हाईक नसलं की अप्पांना आतून बारीक आवाज यायचा. टक. टक टक.

"काय करायलीस गं?" ते बसल्या जागेवरून विचारायचे.

"टेस्ट द्यायलेय, अप्पा."

"दे, दे," असं म्हणून ते पुन्हा पेपरात डोकं घालायचे.

परीक्षा उन्हाळ्यात झाली. मंजू बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. पण उन्हाचं कारण सगळ्यांनीच पुढं केलं. निकाल लागला तो विश्वास बसू नये इतका कमी. क्लासच्या टेस्टमध्ये पहिल्या दहात असणारी पोरगी आणि गुण असे? अप्पा तिला घेऊन शेषेराव सरांकडं गेले. सरांनी तिची उत्तरपत्रिका कॉम्प्युटरवर उघडली आणि एकेक प्रश्न खाली सरकवत बघितला.

"मंजुश्री, निम्मे प्रश्न कोरे दिसायलेत. का सोडलेस?"

"सोडले नव्हते, सर."

हळूहळू उलगडा झाला. क्लासात शिकवलं होतं, आधी सोपे प्रश्न उचला, अवघड मागं ठेवा, उड्या मारत जा. लातूरचं प्रत्येक लेकरू असंच शिकतं. फोनवरच्या टेस्टमध्ये पर्यायावर बोट ठेवलं की उत्तर आपोआप जमा व्हायचं. परीक्षेच्या कॉम्प्युटरवर तसं नव्हतं. तिथं पर्याय निवडल्यावर खालचं 'सेव्ह'चं बटण दाबावं लागायचं, तरच उत्तर धरलं जायचं. सुरुवातीच्या सूचनांत ते लिहिलेलं होतं. पण मंजूनं जन्मात पहिल्यांदा माउस हातात धरला होता. बाण इकडं न्यावा तर तिकडं पळत होता आणि तिचं सगळं लक्ष हातात होतं. ती पर्याय निवडायची आणि बाजूला मांडलेल्या प्रश्नांच्या आकड्यावर दाबून थेट पुढच्या सोप्या प्रश्नाकडं उडी मारायची. शेवटची दहा मिनिटं राहिली तेव्हा तिला त्या आकड्यांचा लाल रंग दिसला आणि कळलं, लाल म्हणजे उत्तर जमाच झालेलं नाही. तेवढ्यात जेवढे जमले तेवढे तिनं पुन्हा भरले.

सरांनी चष्मा काढला. "उत्तरं येत होती हिला. घरी दोन-चार वेळा जरी कॉम्प्युटरवर टेस्ट दिली असती ना..." त्यांनी उत्तरपत्रिका बंद केली.

बाहेर रस्त्यावर क्लासच्या पोरांची गर्दी होती. अप्पांनी कोपऱ्यावर मंजूला थांबवलं. "त्या दिवशी नको का म्हणलीस?"

"दादाला पाहिजेच होता, अप्पा. तुमी माझ्याकडं बघून विचारलं, पर तुमाला 'नको'च ऐकायचं होतं."

ती हे रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं ते भाव सांगावा तसं सांगितलं. अप्पांना त्या क्षणी पितळेचा पेला दिसला, चेपलेल्या कडेसकट, आणि दिवाळीतली ती टकटक ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच लातूरला गेले आणि तोच साधा लॅपटॉप घेऊन आले. उमादेवीनं खोकं बघितलं आणि पदरानं डोळे पुसले. "बैल गेला न् झोपा केला," ती एवढंच म्हणाली. सुट्टीला आलेला राजशेखर ओट्यावर मान खाली घालून बसला होता. त्याच्या भारी लॅपटॉपवर वर्षभरात जे काम झालं होतं ते साध्यावर आरामात झालं असतं. हे त्याला कळलं होतं, पण सांगणार कुणाला?

अप्पांनी खोकं मंजूपुढं ठेवलं. "यंदा रिपीट कर. लातूरला खोली करून देतो. समदं करतो."

"रिपीट नको, अप्पा. हितंच बीएस्सीला नाव घालते. हा दुकानाला राहू द्या, तुमाला कामाला येईल."

"मंजू, ऐक माझं. नको म्हणू नको." आयुष्यात पहिल्यांदा ते पोरीपुढं खाली, जमिनीवर बसले. "एकदा तरी माग गं माझ्याकडं. वरडून माग. भांड माझ्याशी."

मंजूनं त्यांच्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, राग नव्हता.

"सवय न्हाई, अप्पा," ती म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली.

खोकं तसंच राहिलं. चार दिवसांनी उमादेवीनं ते दुकानातल्या फळीवर, पातेल्यांच्या चळतीशेजारी ठेवलं. आतल्या खोलीतून आता कसलाच आवाज येत नव्हता. चिरलेला फोन चार्जिंगला लावलेला असायचा आणि मंजू आईला भाकरी थापू लागायची.

एका दुपारी हालकीहून आलेल्या बाईनं पितळेचा तांब्या उचलला, बोटानं वाजवला आणि विचारलं, "अप्पा, ऐका बरं, चीर न्हाई ना ह्याला?"

अप्पांनी कान दिला. बाईनं पुन्हा वाजवला, तिसऱ्यांदा वाजवला.

"मला न्हाई कळत, बाई," अप्पा म्हणाले. "पाणी भरून बघा."