ओढ्यापलीकडे गेलेली पाखरं

"वाव्, वाव्, वाऽव्!" मी अंगठ्याएवढा बारीक होतो, तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या झाडावरून हा आवाज यायचा. पुढे ते झाड वादळात पडलं आणि लाल पिसाऱ्याची पाखरं माझ्या खांद्यावर आली. तेव्हापासून मी नाचाचं झाड झालो.

न्यू गिनीच्या आमच्या डोंगरात झाडं पुष्कळ. पण ज्याच्यावर ही पाखरं नाचतात, त्या झाडाला मालक असतो. रताळ्याच्या मळ्यासारखं ते बापाकडून मुलाकडे जातं.

माझ्याकडे इतरही येतात. पोपट फळं अर्धी कुरतडून खाली टाकतात, ती शहामृगासारखी कॅसोवरी गिळते. धनेश तर जावयासारखा येतो, सगळ्यांना ऐकू जाईल असा. पण लाल पाखरांचं वेगळं. नाचाआधी ती फांदीवरचं एकेक पान खुडतात, पिसाऱ्यावर ऊन पडावं म्हणून. दुखतं थोडं. सोसतो.

माझा मालक नेंबा. मरताना त्याने मला थोरल्या केरुवाला दिलं आणि ओढ्यापलीकडचा मळा धाकट्या पुंडियाला. "पिसं घे," तो थोरल्याला म्हणाला, "पण वरच्या फांदीवरच्या म्हाताऱ्या नराला हात लावू नकोस. बाकीचे त्याच्यामुळे जमतात."

केरुवाने बरीच वर्षं ते पाळलं. त्याच्याकडची पिसं सगळं गणगोत नाचात डोक्यावर खोवायला मागून नेई. मग एका वर्षी खालच्या खोऱ्यातले लोक नाचायला येणार होते. "त्यांच्यापुढे आपला पिसांचा मुकुट उणा पडायला नको," असं पुटपुटत केरुवा सकाळी माझ्यावर चढला, पानांच्या आडोशाला बसला आणि त्याने वरच्या फांदीवर बाण सोडला. कोणी पाहिलं नाही. मी पाहिलं.

उरलेले नर आठ दिवस भांडले. मग ओढ्यापलीकडे, पुंडियाच्या मळ्यातल्या झाडावर गेले.

केरुवा ओढ्याच्या काठावरून ओरडला, "माझी पाखरं फितवलीस! काय मंत्र घातलास?"

"दादा, ती काय डुकरं आहेत, हाक मारली की यायला? मला मंत्र येत असता तर माझी रताळी उंदरांनी खाल्ली असती का?"

लोक हसले. केरुवा हसला नाही. त्या दिवसापासून भाऊ एकमेकांच्या घरचं पाणीही पिईनात. सहा वर्षं झाली.

काल केरुवा माझ्याखाली सरपणाची मोळी बांधत होता. पुंडिया कुऱ्हाड घेऊन चढण चढून आला.

"दादा, पुरे झालं. तू म्हण, मी आज माझं झाड पाडतो. पाखरं तुझ्याकडे येतील. नाही आली तर गेली रानात. पण तू माझ्या दारात ये."

केरुवा माझ्या बुंध्याला पाठ टेकून बसला. त्याच्या काळजाची धडधड मला सालीतून कळत होती. माणसाला खरं बोलायला वेळ लागतो, हे मी पाहिलंय. सांग रे बाबा, मी मनात म्हणत होतो. माझ्यावर कोणी नाचलं नाही तरी चालेल. त्या झाडाला मात्र राहू दे.

"पाडू नकोस," तो शेवटी म्हणाला. "वरच्या फांदीवरच्या म्हाताऱ्या नराला मीच मारलं. मुकुटासाठी. म्हणून ती गेली. मला पहिल्यापासून ठाऊक होतं."

पुंडियाने कुऱ्हाड कमरेला खोचली. मग वाकून थोरल्याची मोळी आपल्या खांद्यावर घेतली आणि थोरल्याच्या घराच्या वाटेला लागला.